धरण भरलंय, मग नळ आठ दिवसांनी का?

प्रश्न असा आहे: "आमचं ऐंशी हजार वस्तीचं तालुक्याचं गाव. यंदा धरण शंभर टक्के भरलं, सांडव्यावरून पाणी गेलं, पेपरात फोटो आले. तरी आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी, तोही रात्री दीडला. मग पाणी नेमकं मुरतंय कुठं?"

मराठवाड्यातल्या तीन नगरपरिषदांत मिळून अठ्ठावीस वर्षं मी पाणीपुरवठ्याचं काम केलं. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत आणि एकदा तर स्मशानातही विचारला गेलाय. दरवेळी विचारणाऱ्याला वाटतं की कुणीतरी पाणी खातंय. खाणारे असतात, नाही म्हणत नाही, पण त्यांच्यामुळे आठ दिवस लागत नाहीत. पाणी धरणात असतं. ते तुमच्या तोटीपर्यंत न पोचण्याची कारणं धरणाच्या भिंतीच्या अलीकडे, म्हणजे आपल्या बाजूला आहेत. आणि आठ दिवसांनी पाणी दिलं म्हणजे पाणी वाचलं, हा समज तर साफ चुकीचा आहे.

आधी धरणाचा हिशेब करू, कारण तो सोपा आहे आणि कुणी करत नाही. केंद्राच्या मापदंडाप्रमाणे भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. ऐंशी हजार माणसांना १३५ प्रमाणे रोज १ कोटी ८ लाख लिटर. वर्षाचे ३९४ कोटी लिटर. शंभर कोटी लिटर म्हणजे एक दशलक्ष घनमीटर, म्हणजेच एक दलघमी. म्हणजे तुमच्या अख्ख्या गावाची वर्षाची तहान चार दलघमीच्या आत. आता मांजरा धरण बघा, ज्यावर लातूर, अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब हे सगळे अवलंबून आहेत. त्याचा उपयुक्त साठा सुमारे १७७ दलघमी. खुद्द लातूर, २०११च्या जनगणनेत ३ लाख ८२ हजार वस्तीचं शहर, तेही याच मापाने वर्षाला एकोणीस दलघमीत भागतं. पिण्याचं पाणी हा धरणाच्या हिशेबातला लहानसा आकडा आहे. बाकीचं शेतीला जातं, कारखान्याला जातं आणि उन्हाने उडतं. आपल्याकडचं बाष्पीभवन म्हणजे धरणावरचा न दिसणारा कालवाच.

मग २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी का आणावं लागलं? कारण तेव्हा खरोखर धरणात पाणी नव्हतं. पाऊस लागोपाठ हुकला होता आणि मांजरा कोरडं पडलं होतं. त्या वर्षी पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणींची, पाच लाख लिटरची. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या, एका फेरीत पंचवीस लाख लिटर. देशभर फोटो छापून आले. पंचवीस लाखाला लातूरच्या लोकसंख्येने भागा. माणशी साडेसहा लिटर. म्हणजे एक कळशीसुद्धा पुरती भरत नाही. मी त्या गाडीची टिंगल करत नाही, त्या उन्हाळ्यात तिने धीर दिला. पण साडेतीनशे किलोमीटरवरून एवढं पाणी आणायला जी यंत्रणा हलली, तिच्या चौथाई हिकमतीत गावातली गळती निम्म्यावर आली असती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

तेव्हा दुष्काळाची वर्षं बाजूला ठेवू. त्या वर्षी कलेक्टरांच्या बैठकीत आरक्षण ठरतं, मृतसाठ्यात चर खोदावे लागतात, तराफ्यावर पंप बसवून पाणी जॅकवेलपर्यंत, म्हणजे उपशाच्या विहिरीपर्यंत, ढकलावं लागतं, टंचाई आराखड्यातून टँकर लागतात. ती वेगळी लढाई. तुमचा प्रश्न भरलेल्या धरणाचा आहे, आणि तो मला जास्त अवघड वाटतो, कारण त्याला आभाळाकडे बोट दाखवता येत नाही.

पाणी धरणातून निघतं तिथून सुरुवात करू. मराठवाड्याची गंमत अशी की गावं पठारावर आणि पाणी खाली. धाराशिवला उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून जास्त लांबून, दीडशे मीटरच्या आसपास चढ चढवून आणलंय. जालन्याला जायकवाडीचं पाणी पैठणहून अंबडमार्गे येतं. त्याच जालन्याला निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव आहे, तिथून पाणी उताराने आपोआप गावात येतं, पंप नाही की बिल नाही. मलिक अंबरची औरंगाबादची नहरही उतारावरच चालायची. जुन्या लोकांना वीज नव्हती म्हणून त्यांनी आधी उतार शोधला. आपल्याकडे वीज आली आणि आपण उतार बघायचं सोडलं.

तुमच्या गावापुरता ढोबळ आकडा मांडतो. समजा धरणावरून रोज ९० लाख लिटर उचललं आणि एकूण दीडशे मीटर चढवलं. पंप-मोटर बऱ्या स्थितीत असतील तरी रोज साडेपाच हजार युनिटच्या वर वीज लागते. युनिटला साडेसात रुपये धरले तर रोजचे चाळीस-बेचाळीस हजार. वर्षाचे दीड कोटी. पंप जुने असतील, आतले इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारी पाती, झिजलेले असतील, तर हाच आकडा दोन कोटीला जातो आणि पाणी वाढत नाही. हे फक्त विजेचं. पाटबंधारे खात्याची पाणीपट्टी वेगळी, तुरटी-क्लोरीन वेगळं, पगार वेगळे.

आणि वीज असली म्हणजे सलग असतेच असं नाही. फक्त पंपांसाठीची वेगळी वीजवाहिनी, एक्स्प्रेस फीडर, कागदावर असतो, पण त्यावर वाटेतली दोन गावं कधीतरी जोडलेली निघतात. लोकांना वाटतं, तासभर वीज गेली म्हणजे तासभराचं पाणी गेलं. तसं नाही. वीस इंची जलवाहिनीत एका किलोमीटरला जवळजवळ दोन लाख लिटर पाणी मावतं. पंप बंद पडला की नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असेल तर पाणी मागे जातं, आणि वाटेतल्या एअर व्हॉल्व्हमधून हवा आत शिरते. दहा किलोमीटर लाईन जरी रिकामी झाली तरी ती परत भरायला वीस लाख लिटर लागतात. ताशी साडेचार लाख लिटर उपसा असेल तर साडेचार तास नुसती लाईन भरण्यात जातात. गावातल्या टाकीत तोवर थेंब नाही. वीज एक तास गेली, पाणी साडेपाच तासांचं बुडालं. दिवसातून दोनदा असं झालं की त्या दिवसाचं आवर्तन गेलं.

एअर व्हॉल्व्हचं म्हणाल तर ती आपल्या भागाची सामाजिक संस्था आहे. लाईनमधली हवा निघावी म्हणून ते बसवलेले असतात. मे महिन्यात त्याचं वायसर काढून कुणी जनावरांना हौद भरतो, कुणी मोसंबी जगवतो. आम्ही पोलीस घेऊन गेलो की म्हातारी पुढे येते आणि म्हणते, "लेकरा, आमच्या रानातून पाईप नेला तवा विचारलं होतं का? आता दोन कळश्या घेतल्या तर चोरी?" याला माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं. पुढे एका ठिकाणी आम्ही मुख्य लाईनवरून त्या वस्तीला रीतसर एक इंची जोडणी देऊन टाकली, मीटर लावून. तिथला व्हॉल्व्ह परत कुणी फोडला नाही. पण हे नियमात बसवायला मला चौदा महिने लागले.

फिल्टरचा मुद्दा थोडक्यात, कारण तिथे गडबड तुलनेने कमी असते. कारंज्यावरून पाणी उतरतं, तुरटी किंवा पीएसी हे तुरटीसारखंच रसायन टाकतात, गाळ बसतो, वाळूच्या थरातून पाणी जातं, क्लोरीन मारतात. खरी परीक्षा वर्षातून एकदा, पहिल्या पुरात. त्या आठवड्यात पाणी चहासारखं येतं. एरवी लिटरला वीस मिलिग्रॅम तुरटी पुरत असेल तर तेव्हा दुप्पट-तिप्पट लागते. चाळीस मिलिग्रॅम म्हणजे ९० लाख लिटरला रोज ३६० किलो. सहा काचेच्या भांड्यांत वेगवेगळा डोस टाकून ढवळून बघायची जार टेस्ट असते, तिला फार वेळ लागत नाही. ती न करता अंदाजाने लाद्या टाकणारे ऑपरेटर मी पाहिलेत, आणि नुसतं पाण्याकडे बघून बरोबर डोस सांगणारेही पाहिलेत. दुसऱ्या प्रकारचे निवृत्त झाले.

आता मुख्य मुद्दा, गावातलं वाटप.

तुमच्या गावात समजा सोळा हजार घरं आणि पाण्याचे वीस झोन, म्हणजे एका झोनला आठशे घरं. धरणावरून ९० लाख निघालं, त्यातलं तिसरा हिस्सा वाटेत आणि गळतीत गेलं, नळापर्यंत ६० लाख पोचलं. माणशी पंचाहत्तर लिटर. इथे एक मजेदार गोष्ट लक्षात घ्या: भुयारी गटार नसलेल्या शहराला मापदंड फक्त ७० लिटरचा आहे. म्हणजे कागदावर तुमची तक्रारच उभी राहत नाही! शासनाच्या तक्त्यात तुमचं गाव पास आहे. नळ कधी येतो आणि किती जोराने येतो, याचा रकाना त्या तक्त्यात ठळक नसतो.

तर आठ दिवसांनी नळ आला की घरातलं माणूस काय करतं? दोन हजारांचा हौद, हजाराची टाकी, त्याशिवाय पिंप, बादल्या, कळश्या, कुकरसुद्धा. घरटी तीन हजार लिटर. आठशे घरांचे चोवीस लाख. वीस झोनचे चार कोटी ऐंशी लाख. रोजच्या साठ लाखाने भागा. बरोबर आठ. तुमचे आठ दिवस कुणी बैठकीत ठरवलेले नाहीत, ते तुमच्या हौदांनी ठरवलेत. गेल्या वीस वर्षांत जसजसा पुरवठा लांबला तसतसे हौद मोठे झाले, आणि जसजसे हौद मोठे झाले तसतसा पुरवठा लांबला. कोण आधी, हे आता सांगता येणार नाही.

हेच साठ लाख एक दिवसाआड दिलं तर घरटी साडेसातशे लिटर येतं. माणशी हिशेब तोच. मग देत का नाहीत? याचं खरं कारण आमच्या खात्यातले लोक सहसा सांगत नाहीत, मी सांगतो. नळ सुटला की पहिला अर्धा तास नुसती हवा निघते, मग गढूळ पाणी, मग वरच्या बाजूची घरं भरतात, आणि शेवटच्या गल्लीला धार सुरू होते तेव्हा तास उलटलेला असतो. आठ दिवसांनी आठ तास सोडलं तर शेवटच्या घराला सहा-सात तास मिळतात. दिवसाआड दोन तास सोडलं तर त्याला जेमतेम एक तास. मग मोर्चा येतो. त्यापेक्षा आवर्तन लांबवलं तर गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्या वॉलमनच्या फेऱ्या कमी, तक्रारी कमी, साहेबांना झोप. म्हणजे आठ दिवसांत सोय आमची आहे. तुम्हाला ती टंचाई म्हणून सांगितली जाते.

आणि यात वाचत काहीच नाही. नळ आल्याचा आवाज झाला की बायका आधी काय करतात, तर मागच्या आठवड्याचं उरलेलं शिळं पाणी अंगणात ओततात. माझ्या स्वतःच्या घरात हे होतं, मी पाणीपुरवठ्याचा अभियंता असताना. सौभाग्यवतींना एकदा म्हणालो, तर उत्तर आलं, "तुमचं आठ दिवसांचं पाणी तुम्ही प्या." बोलणं खुंटलं. शिवाय निम्म्या नळांना तोटीच नसते, हौद भरला की पाणी गटारात. आणि ज्याला उद्या परवा परत नळ येणार याची खात्री नाही, तो साडेसातशेवर कशाला थांबेल?

डेंगीचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो, आणि त्याला स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं. आमच्या आवर्तनाचं वेळापत्रक आणि त्याच्या जन्माचं वेळापत्रक तंतोतंत जुळतं. आरोग्यवाले घरोघर कंटेनर तपासत, अळ्या मारणाऱ्या अ‍ॅबेटचे थेंब टाकत, कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात. लोक मान डोलावतात. आठ दिवसांच्या पाण्याचा हौद कोरडा कोण करणार?

वॉलमनविषयी लिहिल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही. कागदावर व्हॉल्व्ह, बोलण्यात वॉल. आणि गावात नगराध्यक्षापेक्षा ज्याची वाट जास्त पाहिली जाते तो वॉलमन. माझ्या पहिल्या नोकरीत एक जण होते, सगळे त्यांना मामा म्हणत. सातवी शिकलेले. त्यांच्याकडे सायकल, इंग्रजी टी अक्षरासारखी लोखंडी चावी आणि डोक्यात अख्ख्या गावाची पाईपलाईन. नगरपरिषदेकडे जो नकाशा होता त्यात दोन कॉलन्याच नव्हत्या.

एका रात्री मी त्यांच्याबरोबर फिरलो. चौकातल्या चेंबरचं झाकण त्यांनी पायाने सरकवलं, आत टॉर्च मारून साप-विंचू बघितला, चावी लावली आणि फिरवू लागले. मोठ्याने मोजत होते. सात आटे झाल्यावर थांबले. मी म्हणालो, "मामा, पूर्ण का नाही सोडत?" म्हणाले, "साहेब, पूर्ण सोडलं तर उतारावरची गल्ली सगळं पिऊन घेते. वरच्या वेशीला काही जात नाही. सात आट्यावर वेशीला जातं." मग चावीचं एक टोक वॉलच्या दांड्यावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. दोन मिनिटांनी म्हणाले, "पुढं शाळेच्या कोपऱ्यावर गळतंय." सकाळी खोदलं, तर जोडातून मनगटाएवढी धार जमिनीखालून नाल्यात चालली होती, वर ओलसुद्धा नव्हती. काळ्या मातीखालच्या भेगाळलेल्या खडकात पाणी गडप होतं, त्यामुळे आपल्याकडच्या गळत्या दिसत नाहीत, ऐकाव्या लागतात.

मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा भरली नाही. ठेकेदाराची दोन पोरं आली, सहा महिन्यांनी बदलणारी. त्यांना चावी माहीत होती, आटे माहीत नव्हते. वेशीचं पाणी तीन आठवड्यांत बंद झालं, आणि तिथल्या नगरसेवकाने नव्या जलकुंभाची मागणी केली. ती मंजूरही झाली. जलकुंभ आजही उभा आहे, त्यात पाणी चढवण्याइतका दाब त्या लाईनीत नाही.

दाब कमी म्हणून लोक टिल्लू लावतात. नळाला थेट मोटर. त्याने शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं हे सगळ्यांना कळतं, दुसरी गोष्ट कळत नाही. पाईपमध्ये दाब असतो तोवर फुटक्या जोडातून पाणी बाहेर जातं. गल्लीत पंधरा टिल्लू एकदम सुरू झाले की पाईपमध्ये पोकळी होते आणि त्याच जोडातून बाहेरचं आत येतं. जोड कुठे असतो? बहुतेक वेळा गटाराच्या शेजारी, कधी गटारातूनच, कारण जोडणी देणाऱ्या प्लंबरला रस्ता फोडण्यापेक्षा गटारातून अर्धा इंची पाईप काढणं सोपं जातं. मी काम केलेल्या एका गावात असंच एका पेठेत काविळीची लाट आली. आम्ही फिल्टरवर नमुने घेतले, स्वच्छ. टाकीत घेतले, स्वच्छ. आठ दिवस आम्ही ठासून सांगत राहिलो की आमचं पाणी शुद्ध आहे. नवव्या दिवशी एका प्रयोगशाळा सहायक मुलीने शहाणपणा केला, नळ सुरू होताना पहिल्या पाच मिनिटांचं पाणी शेवटच्या घरातून घेतलं. क्लोरीन तपासायच्या ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकले, पिवळा रंग आलाच नाही. म्हणजे क्लोरीन शून्य. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. खोदल्यावर एका जुन्या, बंद केलेल्या जोडणीचं उघडं तोंड गटाराच्या गाळात सापडलं. त्या आठ दिवसांबद्दल मला अजून अपराधी वाटतं. पाणी आम्ही शुद्धच दिलं होतं, हे खरं, पण ते ज्या पाईपमधून दिलं तो आठ दिवसांतले सात दिवस रिकामा होता आणि रिकामा पाईप काहीही आत घेतो. नळ आला की पहिली दहा मिनिटं पाणी वापरायला काढा, प्यायला भरू नका, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो.

पैशाचं बोलू. वर विजेचे दीड कोटी काढले. आता जमा बघा. सोळा हजार घरांपैकी रजिस्टरवर नऊ हजार जोडण्या. बाकी सात हजार घरं पाणी पित नाहीत असं नाही. अर्ध्या इंची जोडणीला वर्षाला दोन हजार पट्टी धरली तर मागणी एक कोटी ऐंशी लाख, आणि वसुली निम्मी झाली तर नव्वद लाख. विजेचंही भागत नाही. मग बिल थकतं, महावितरण कनेक्शन तोडतं, गावात बोंब होते, वित्त आयोगाच्या पैशातून काही भरणा होतो, वीज येते. दर एक-दोन वर्षांनी हेच. निवडणुकीच्या वर्षी पाणीपट्टी वाढवायची नाही आणि मागच्या थकबाकीला अभय योजना द्यायची. ज्याने वेळेवर भरलं त्याला काय मिळालं? दोन हजार रुपये भरणारा माणूस दुसरीकडे जारच्या पाण्याला महिन्याला सहाशे-सातशे घालतो आणि उन्हाळ्यात टँकरला दीड-दोन हजार. म्हणजे लोक पाण्याला पैसे देत नाहीत, हे खोटं आहे. लोक पैसे देतात, आठ दिवसांनी येणाऱ्या नळाला देत नाहीत. मला हे पटतं, फक्त नोकरीत असताना म्हणता येत नव्हतं.

आता "नवी योजना आली, करोडो रुपये आले" याबद्दल. योजना कशा येतात ते मी पाहिलंय: २००५ नंतर लहान-मध्यम शहरांची केंद्राची योजना, मग राज्याचं नगरोत्थान, २०१५ पासून अमृत, २०२१ पासून अमृत दोन. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आराखडा करतं किंवा तपासतं. प्रत्येक योजनेत लांबून पाणी आणणारी मोठी लाईन आणि नवे जलकुंभ झटकन होतात, कारण त्यांचं उद्घाटन करता येतं. गल्लीतल्या जुन्या पाईपा बदलणं मागे राहतं, कारण त्यासाठी नुकताच केलेला सिमेंट रस्ता फोडावा लागतो आणि तो रस्ता कुणाच्या तरी निधीतून झालेला असतो. परिणाम काय होतो? ९० लाखांच्या जागी दीड कोटी लिटर आणलं, त्याच फुटक्या पाईपांत सोडलं. दाब वाढला तशी गळती वाढली. विजेचं बिल दुप्पट. नळ आठवरून सहा दिवसांवर आला, दोन वर्षांत परत आठवर.

कऱ्हाडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी करून दाखवलं, तेही लहानच गाव. तिथे पाईप नवे टाकले, प्रत्येक घराला मीटर बसवला, कमी वापरणाऱ्याला दर कमी आणि जास्त वापरणाऱ्याला चढता ठेवला. त्यांना नदी दाराशी आहे, आपल्याला नाही, हे मान्य. म्हणून मी मराठवाड्यात कुणाला चोवीस तासांचं स्वप्न विकत नाही. पण ज्याला पाणी लांबून महाग पडतं त्याने मीटर आधी लावायला हवा की नंतर?

माझ्या मते सुरुवात एका झोनपासून करावी, अख्ख्या गावापासून नाही. ज्या झोनला स्वतःचा जलकुंभ आहे तो निवडायचा. टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाईपवर एक मोठा मीटर लावायचा, पन्नास-साठ हजारांचं काम. रात्री दोन ते चार, सगळे हौद भरलेले असताना, टाकीतून किती पाणी जातंय ते मोजायचं. जे जातंय ती जवळजवळ सगळी गळती. ती महिनाभर शोधून बंद करायची, बिनतोटीच्या नळांना तोट्या बसवायच्या, बेकायदा जोडण्या दंड न लावता नावावर करून घ्यायच्या. मग तो झोन चार दिवसांवर आणायचा, मग दिवसाआड. पहिले दोन महिने लोक हौद भरतच राहतील आणि पाणी पुरणार नाही, तेव्हा डगमगायचं नाही. तिसऱ्या महिन्यात विश्वास बसतो. आम्ही हे एकदाच, एका झोनमध्ये केलं. सहाव्या महिन्यात तिथल्या काकू म्हणाल्या, "भाऊ, आता हौदात धान्याच्या कोठ्या ठेवल्यात." पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि तो झोन परत सहा दिवसांवर गेला, हेही सांगायला हवं.

तुम्ही स्वतः काय करू शकता, असंही विचारलंय. मोर्चाने टँकर येतो, नळ येत नाही. त्याऐवजी माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा: धरणावरच्या पंपांचं गेल्या तीन महिन्यांचं लॉगबुक, फिल्टरवरचं रोजच्या शुद्ध पाण्याचं रजिस्टर, आणि प्रत्येक जलकुंभ कधी किती भरला त्याची नोंद. तिन्हीचे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी लिहा. जिथे आकडा एकदम खाली पडतो तिथे तुमचं पाणी मुरतंय. एखादं रजिस्टर नाहीच असं उत्तर आलं, तर तेही मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा की मोजत नसाल तर टंचाई कशावरून ठरवली.

आणि त्याआधी एक सोपं काम. तुमच्या गल्लीचा वॉल कुठल्या चेंबरमध्ये आहे ते वॉलमनला चहा पाजून विचारून घ्या. शेवटच्या गावी मी चार्ज घेतला तेव्हा चौऱ्याऐंशी वॉलपैकी एकोणीस सापडत नव्हते. अकरा नव्या डांबराखाली निघाले, चार एका शोरूमच्या फरशीखाली, तीन कायमचे गंजून अर्धवट उघडे. उरलेला एक, अजूनही, कुणालाच माहीत नाही.